खेळणाऱ्याचे पर्याय आणि वाचकाची समाधी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली संमत केलेल्या एका कायद्यातील व्याख्या साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना जे हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास या कायद्याने मनाई केली, त्यांचे लक्षण असे : मानवी प्रतिमेला ठार मारणे, तिचे अवयव तोडणे, तिच्यावर लैंगिक अत्याचार करणे यांचा समावेश खेळणाऱ्यास उपलब्ध असलेल्या पर्यायांत असला पाहिजे, शिवाय ती कृती समग्रतः, अल्पवयीनांच्या दृष्टीने, गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्याला पारखी असली पाहिजे. वाङ्मयीन मूल्याचा निर्णय निर्मात्याने आणि विक्रेत्याने एक हजार डॉलरपर्यंतच्या दंडाच्या धास्तीने करावा, ही अपेक्षा गमतीची आहे खरी. पण त्याहून महत्त्वाचे असे की, येथे संहितेची ओळख तीत काय घडते यावरून केलेली नाही, तीत काय घडू शकते यावरून केलेली आहे.

हा कायदा कधीच अमलात आला नाही. २७ जून २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन’ या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी तो घटनाबाह्य ठरविला. न्या. अँटोनिन स्कॅलिया यांचे निकालपत्र हा पुष्कळसा वाङ्मयीन युक्तिवादच आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात. हान्सेल आणि ग्रेटेल आपल्या वैरिणीला भट्टीत भाजतात. शाळेत नेमलेल्या ‘ओडिसी’त पॉलिफीमसचा डोळा तापलेल्या वाशाने फोडला जातो. मुलांपुढे हिंसा ठेवण्याची परंपरा इतकी जुनी असेल, तर नव्या माध्यमालाच वेगळा न्याय का? दान्तेचे वाचन आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा खेळ यांतील सांस्कृतिक भेद ते नाकारीत नाहीत, तो भेद घटनेला दिसत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. खेळणारा कथेत स्वतः कृती करतो, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की, पुढचे वळण वाचकानेच निवडावयाची पुस्तके १९६९ पासून आहेत, आणि चांगले साहित्य वाचकाला कथेत ओढून घेतेच. म्हणजे भेद फार तर प्रमाणाचा.

निकाल मला मान्य आहे. न्यायालयापुढील मानसशास्त्रीय अभ्यासांनी फार तर सहसंबंध दाखविला होता. तेवढ्यावर अभिव्यक्तीवर बंदी घालता येत नाही. युक्तिवाद मात्र मान्य करणे अवघड आहे. वर्गात साहित्य माणसाला आमूलाग्र बदलते असे सांगावयाचे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ते निरुपद्रवी असल्याची ग्वाही द्यावयाची, हा साहित्याच्या कैवाऱ्यांचा जुना व्यवहार. स्कॅलियांनी तोच गेमच्या वतीने केला आणि त्याच्या मोबदल्यात वाचक व खेळणारा यांतील भेद देऊन टाकला.

हा भेद प्रमाणाचा नाही, जातीचा आहे. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक परक्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी आपले स्वत्व राखतो; या दुहेरी जाणिवेत केळकरांनी वाङ्मयानंदाचे मूळ पाहिले. ‘ओडिसी’चा वाचक वाशाला हात लावीत नाही, त्याने पुस्तक मिटले तरी वासा डोळ्यात फिरतोच. तेथे त्याला करण्यासारखे काही नसते, म्हणून जाणण्यासारखे पुष्कळ उरते : ओडिसिअसचे चातुर्य, आणि आंधळ्या पॉलिफीमसचे आपल्या लाडक्या एडक्याशी ते केविलवाणे बोलणे. खेळणाऱ्याचे द्वैत निराळे. त्याचेही भान सुटत नाही. उलट ते कमालीचे जागे असते. किती गोळ्या उरल्या, आडोसा कोठे, पुढचा टप्पा केव्हा, हा हिशेब अखंड चालू असतो. त्यामुळे खेळणारा तद्रूप होऊन मारेकरी बनेल, ही पालकांची भीती मला चुकीच्या जागी रोखलेली वाटते. समोरचा देह केवळ अडथळा म्हणून हिशेबात येतो आणि शोकाला आलंबनच उरत नाही, ही खरी अडचण. (काही खेळांतील किळसवाणे तपशील न्या. सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या मतपत्रात दिले, तेव्हा किळस हे बंदीचे वैध कारण नव्हे, असे स्कॅलियांनी सुनावले. जुगुप्सेला स्थायिभाव मानणाऱ्या भरताच्या वारसांना हे नव्याने शिकण्याची गरज नाही.)

अलिटो निकालाशी सहमत होते, पण नव्या माध्यमाचा अनुभव वाचनापेक्षा फार निराळा असू शकेल, हे दार त्यांनी उघडे ठेवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपट इतर कलांहून भावनांना अधिक खोलवर हलवितो असे म्हणून त्याचे पूर्वपरीक्षण उचलून धरले होते. माध्यमभेद ओळखला की नियंत्रण आलेच, अशी धास्ती त्यामुळे वाटते. परंतु ओळखणे आणि बंदी घालणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

नियंत्रणाला बहुधा पृष्ठभागच दिसतो. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या निन्टेन्डो आवृत्तीत लाल रक्ताच्या जागी करडा घाम आला. मराठी वाचकाला येथे तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ आठवेल. १९७० च्या प्रयोगाच्या वेळी परीक्षण मंडळाने माणिकच्या लुगड्यावरील रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली. डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. करड्या घामाने काही बिघडले नाही, कारण त्या रक्ताला अर्थच नव्हता. निळ्या डागाने मात्र तो लाल करण्याचे काम प्रेक्षकाच्या मनावर सोपविले.

एखादा गेमही असे काम सोपवू शकतो. ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) या युद्धखेळात एका टप्प्यावर शत्रूच्या तळावर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करावा लागतो. पडद्यावर दुरून पांढरे ठिपके तेवढे दिसतात. नंतर त्याच तळातून चालत जावे लागते, आणि त्या ठिपक्यांतले कित्येक आश्रयाला आणलेले नागरिक होते, हे कळते. एका आईने मुलाचे डोळे हाताने झाकले आहेत, दोघेही जळालेली. कॅलिफोर्नियाची व्याख्या या प्रसंगाला लावून पाहावी. ठार मारणे येथे उपलब्ध पर्यायांत आहे. किंबहुना पुढे जावयाचे तर दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. खेळणारा तशी तक्रार करू लागतो, तर ती आधीच खेळात बोलून झालेली असते : पर्याय नेहमीच असतो, असे एक सैनिक माऱ्यापूर्वी म्हणतो, आणि खेळणाऱ्याचा नायक त्याला सांगतो की नसतो.