पाठचिकित्सा आणि आवृत्ती-नियंत्रण : विंडोज जाळ्यातील दोषांचा विचार

वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करूनही प्रमाण प्रत कोणती हा प्रश्न मिटला नव्हता, हे त्यावरून दिसते. राजवाड्यांच्या स्मरणार्थ १९२७ साली धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. पोथीत कोणी, केव्हा, काय बदलले याची चिकित्सा म्हणजे खान्देशाला परकी विद्या नव्हे. संगणकावरील आवृत्ती-नियंत्रण प्रणाली हीच नोंद आपोआप ठेवते. मात्र जळगाव-धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ती बिघडली की प्रणाली काढून पुन्हा बसविण्याकडे कल असतो. दोष बहुधा अन्यत्र असतो.

मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल सोर्ससेफ हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या मूळ रचनेत मध्यस्थ सर्व्हर नव्हता. प्रत्येक संगणक सामायिक फोल्डरमधील फायलींवर थेट लिहीत असे. लिहिताना वीज गेली किंवा केबल निसटली की अर्धवट नोंद मागे राही. (भारनियमनाच्या काळात खान्देशात ही केवळ तात्त्विक शक्यता नव्हती.) सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली, तेव्हा तिचे बर्कले डीबी भांडार जाळ्यावरील फोल्डरमध्ये ठेवू नये, असा इशारा तिच्या माहितीपुस्तिकेतच होता. त्याच वर्षी आलेल्या एफएसएफएस पद्धतीने हा धोका कमी केला. पण भांडार सामायिक फोल्डरमधून थेट वापरायचे तर प्रत्येकाला मूळ फायलींवर लिहिण्याचा, म्हणजे त्या पुसण्याचाही, अधिकार द्यावा लागतो. ज्याला प्रत हवी त्याच्या हाती मूळ पोथी देण्यासारखेच हे आहे. सर्व्हरमार्फत व्यवहार ठेवणे हाच त्यावरील खरा उपाय.

उरलेले दोष किरकोळ, पण फसवे. ‘प्रवेश नाकारला’ हा संदेश पुष्कळदा अधिकाराचा नसून अँटिव्हायरसने क्षणभर धरून ठेवलेल्या फायलीचा असतो. लिनक्सवर निराळी असलेली ‘मेन’ नावाची लहान व मोठ्या लिपीतील दोन नावे विंडोज सामान्यतः एकच समजते.

गिटने २०२२ साली, दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करण्यास नकार देण्याचा नियम आणला. सामायिक फोल्डरवर तो वारंवार आडवा येतो. त्यावर सर्वच फोल्डर सुरक्षित ठरविणारे तारांकन टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोपा आहे आणि म्हणूनच घातक आहे. चोरी टाळण्यासाठी ठेवलेला पहारेकरीच त्याने रजेवर जातो. हवे ते एकच फोल्डर नावानिशी नोंदवावे.

मराठी प्रबंधाच्या बाबतीत मात्र सर्व्हरही पुरेसा नाही. जुन्या फाँटमधील वर्ड फाइल ही प्रणालीला वाचता न येणारी गोष्ट. दोघांचे बदल ती एकत्र करू शकत नाही. तेथे एकाच्या हाती कुलूप देण्याची सबव्हर्जनची सोय वापरावी आणि काम संपताच कुलूप सोडण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला लावावी.