‘पुस्तकाने माणूस बदलला’ असं लिहिण्याआधी

धार्मिक वाचनावर, त्यातही ख्रिस्ती पुस्तकांच्या वाचनावर सिनॉप्सिस लिहायला घेतलंत की एक प्रसंग तुमच्यापुढे येणारच. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटतो, ‘नवा करार’ हातात ठेवतो आणि सांगतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा होतो. ही लाइन आपल्या भंडारा रोड स्टेशनवरूनच जाते, म्हणून इकडच्या विद्यार्थ्यांना तर तो प्रसंग घरचाच वाटतो. आणि तिथेच वाक्य पडतं: ‘या पुस्तकाने टिळकांचं जीवन पालटलं.’

थोडं थांबा. भाकीत खरं ठरलं म्हणून ते लक्षात राहिलं. रेल्वेत, बाजारात, जत्रेत अशी पुस्तकं घेऊन घरी गेलेले आणि होते तसेच राहिलेले वाचक कुठल्या चरित्रात सापडणार? शिवाय विन्स्लो यांचं टिळक-चरित्र १९२३ चं, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतरचं. शेवट माहीत असला की मधल्या गोष्टी आपोआप ओळीत बसतात.

दुसरं म्हणजे, वाचणारा कोरा नव्हता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतःच सांगत. पुढे ‘अभंगांजली’त ख्रिस्तासाठी त्यांनी अभंगच निवडला. मग गाडीतलं पुस्तक त्यांनी कोणत्या कानांनी वाचलं? मला विचाराल तर प्रबंधाचा प्रश्न हा आहे. ‘परिणाम’ हा शब्द टाकला की तो प्रश्नच मरतो.

आता ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवा. नवऱ्याच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्या तरी सोवळंओवळं सोडलं नाही. ते सुटलं ते एका प्रवासात, जात देवाने केली की माणसाने, हा विचार करता करता. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या क्षणी हातात पुस्तक नव्हतं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. एकाच घरातली दोन माणसं, एक वाचून बदललं आणि दुसरं पाण्याच्या भांड्यापाशी! फक्त टिळकांचीच वाट धरलीत तर तुमचा ‘आध्यात्मिक वाढ’ हा शब्द शिकलेल्या पुरुषांपुरताच उरेल. शाळा जवळपास न पाहिलेल्या याच बाईने पुढे टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं, हेही विसरू नका.

पण ‘स्मृतिचित्रे’लाही सूट नको. पुस्तकरूपाने ते १९३४ पासून आलं, घटनांनंतर तीसहून अधिक वर्षांनी. लक्ष्मीबाई इतकं मजेदार लिहितात की आपण हसतो, आणि हसता हसता तारखा तपासायच्या राहून जातात.