गोडकर की मुखर्जी? आणि फ्रीजमधल्या त्या ट्यूब

माझ्या मावसबहिणीला यंदा डीएमएलटीला ॲडमिशन मिळाली. फी भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "ताई, गोडकर घेऊ की मुखर्जी? सीनियर म्हणतात दोन्ही कशाला, एकच घे. आणि इथला दुकानदार अख्खं किट देतोय, तेही घेऊन टाकू का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. कारण पुस्तकं आठवता आठवता एक जुनं प्रकरण आठवलं. आधी ते सांगते, मग पुस्तकांकडे येऊ.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टसाठी बाहेरच्या एका कलेक्शन सेंटरवरून रक्ताचे नमुने यायचे. एका बॅचमध्ये सगळ्यांचंच पोटॅशियम जास्त आलं. कुणाचं ५.९, कुणाचं ६.४. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. सगळी धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत येऊन रक्त दिलेली माणसं. असा आकडा वॉर्डातल्या पेशंटचा आला तर डॉक्टर ईसीजी काढायला धावतात, कारण पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते. आम्ही मशीनवर संशय घेतला. पुन्हा कॅलिब्रेशन केलं, कंट्रोल लावले. कंट्रोल अगदी जागेवर. सीरम लालसर असतं तर पेशी फुटल्यात हे बघताक्षणी कळलं असतं. पण सीरम स्वच्छ, पिवळसर. चार दिवस गेले. शेवटी सेंटरवरच्या टेक्निशियन दादांना फोन केला, तेव्हा उलगडा झाला. त्या संध्याकाळी नमुने न्यायला गाडी आली नव्हती, म्हणून त्यांनी ट्यूब सेंट्रीफ्यूज न करता तशाच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. "खराब होऊ नयेत म्हणून, मॅडम."

तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं. दूध फ्रीजमध्ये टिकतं, मग रक्त का नाही? पण लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सीरमपेक्षा तीसेक पट असतं, आणि ते आत धरून ठेवायला पेशीच्या आवरणावर एक पंप सतत चालू असतो. थंडीत हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेली नसते, म्हणून हिमोग्लोबिन बाहेर येत नाही, म्हणून सीरमला रंग चढत नाही. म्हणजे चूक झालीय हे डोळ्यांना दिसतच नाही. रक्त गोठल्यावर साधारण दोन तासांच्या आत सीरम वेगळं करायचं आणि मग ते सीरम खुशाल फ्रीजमध्ये ठेवायचं, एवढंच हवं होतं.

दादांना दोष द्यायचा माझा अजिबात हेतू नाही. मी त्या रात्री माझी एम.एस्सी.ची प्रॅक्टिकलची वही काढून बघितली. तत्त्व, अभिक्रियाकारकं, कृती, गणन, नॉर्मल रेंज, निष्कर्ष. सुवाच्य अक्षर, सरांची सही. प्रत्येक कृतीची सुरुवात एकच: "सीरम घ्या." ते सीरम कुठून आलं, किती वाजता आलं, मधल्या काळात कुठे होतं, याला वहीत एकही रकाना नव्हता.

आता थोडं रिसर्चकडे. इटलीतल्या पादुआच्या एका हॉस्पिटलमध्ये प्लेबानी आणि कॅरारो या दोघांनी तातडीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबमधल्या चुका मोजल्या. १९९७ साली छापलेल्या त्यांच्या पेपरात ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका सापडल्या. त्यातल्या ६८.२ टक्के चुका नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या फक्त १३.३ टक्के, उरलेल्या रिपोर्ट देतानाच्या. दहा वर्षांनी त्यांनीच पुन्हा मोजलं: ५१,७४६ तपासण्या, १६० चुका, आणि आधीच्या टप्प्यातल्या ६१.९ टक्के. एकाच हॉस्पिटलचा अभ्यास आहे, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी तुमच्या गावच्या लॅबला लावू नका. पण रोख स्पष्ट आहे. मग पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघणार: जिथे जास्त चुका होतात, तिथे हे पुस्तक मला किती वेळ थांबवतं?

प्रफुल्ल आणि दर्शन गोडकरांचं पुस्तक मुंबईच्या भालाणींनी काढलेलं. आपल्याकडच्या कॉलेजांत सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं हेच असावं, निदान मी पाहिलेल्या लायब्ररीत तरी त्याचाच पुठ्ठा सुटलेला असतो. परीक्षेला बसायचं तर हे लागतंच. त्यात सगळे विषय, आणि प्रत्येक टेस्ट तुम्हाला पेपरात लिहायला लागते त्याच क्रमाने. गोम तिथेच आहे. नमुना कसा घ्यायचा हे त्यात येतं, नाही असं नाही. पण टेस्टनुसार रचलेलं पुस्तक विद्यार्थी टेस्टनुसारच वाचतो. पोटॅशियम उद्या आहे, तर पोटॅशियमची पानं. कनई मुखर्जींचे तीन खंड जास्त ऐसपैस आहेत, 'का' या प्रश्नाला जास्त जागा देतात, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी विकत घेऊ नयेत. लायब्ररीत बसून वाचावेत. दोन्हींतल्या मशीनचं वर्णन आणि तुमच्या लॅबमधलं मशीन जुळेलच असं नाही, ही तक्रार मात्र मला फारशी पटत नाही. मशीन कंपनीचा माणूस येऊन शिकवतो. फ्रीजचं कुणी शिकवत नाही.

या कसोटीवर मला सगळ्यात आवडतं ते मोनिका चीझब्रोंचं 'डिस्ट्रिक्ट लॅबोरेटरी प्रॅक्टिस इन ट्रॉपिकल कंट्रीज'. दोन भाग. वीज जाते, तालुक्याच्या लॅबमध्ये माणूस एकटाच असतो, पाणी हवं तसं नसतं, हे गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक. पहिल्या भागात टेस्टवर यायच्या आधी लॅब कशी चालवायची, सुरक्षितता, गुणवत्ता, उपकरणं यावर भरपूर पानं आहेत. इंग्रजी सोपं आहे, चित्रं भरपूर. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला मी हेच आधी देईन, परीक्षेत यातलं काही विचारणार नाहीत हे माहीत असूनही.

आणि डेसी-लुईस. 'प्रॅक्टिकल हिमॅटॉलॉजी'ची पहिली आवृत्ती १९५० ची, पुस्तक अजून जिवंत आहे. महाग आहे, विकत घेऊ नका. पण त्याचं पहिलं प्रकरण रक्त गोळा करणं आणि हाताळणं याच विषयावर आहे. तेवढं वाचाच. ईडीटीएच्या ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास पडून राहिलं की पेशींचे आकार बदलतात, आणि मग आपण स्लाइडवर रोग शोधत बसतो जो पेशंटला नसतो.

फुकट मिळणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेची रक्त काढण्याबद्दलची २०१० ची मार्गदर्शिका. त्यातलं ट्यूब कोणत्या क्रमाने भरायच्या त्याचं कोष्टक छापून भिंतीला चिकटवा. निळी (सायट्रेट) आधी, मग लाल, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. हा क्रम हौसेचा नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलं, तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. दोन्ही आकडे खोटे.

आता सामान. इथे माझा राग सेंट्रीफ्यूजवर आहे, म्हणजे खरं तर त्याबद्दल लिहिणाऱ्यांवर. कित्येक मॅन्युअलमध्ये आणि माझ्या त्या वहीतही लिहिलेलं असतं: "३००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा." हे "मोठ्या गॅसवर शिजवा" म्हणण्यासारखं आहे. कुठल्या गॅसवर? पेशींना खाली ढकलणारं बल फेऱ्यांवर अवलंबून असतं तसंच त्रिज्येवरही. सूत्र असं: ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग. ८ सेंटिमीटरच्या छोट्या टेबलावरच्या मशीनमध्ये ३००० आरपीएमला सुमारे ८०५ जी मिळतं. १६ सेंटिमीटरच्या मशीनमध्ये त्याच ३००० ला १६१०. बरोब्बर दुप्पट, आणि डिस्प्लेवर आकडा तोच. साध्या सीरमला थोडं इकडेतिकडे चालून जातं. पण पीटी-एपीटीटीसाठीच्या प्लाझ्मात प्लेटलेट्स जवळजवळ नकोत, त्याला साधारण १५०० जी, १५ मिनिटं लागतात. छोट्या मशीनवर ३००० लावून तुम्ही निर्धास्त बसलात तर प्लेटलेट्स वरच राहतात.

बाकी वस्तूंचं पटकन. अख्खं किट घेऊ नका, त्यातलं निम्मं कॉलेजात असतं. ॲप्रन पूर्ण बाह्यांचा घ्या. स्लाइडवर नाव शिसपेन्सिलीने, घासलेल्या टोकावर. पेनाची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग दहा मलेरियाच्या स्लाइड आणि एकही नाव नाही. स्वस्त मायक्रोपिपेट मिळाली तर आधी तराजूवर तपासा: २० अंशाला १००० मायक्रोलिटर पाणी ०.९९८ ग्रॅम भरतं, दहादा तोला आणि बघा. आणि एक साधी प्लॅस्टिकची फूटपट्टी.

बहिणीने सेकंडहँड गोडकर घेतलं, चीझब्रोंचा पहिला भाग लायब्ररीतून काढला, किट सोडून दिलं. परवा पहिलं प्रॅक्टिकल झालं आणि रात्री तिचा मेसेज. मशीन बंद करून, स्विच काढून, दांड्याच्या मध्यापासून आडव्या केलेल्या ट्यूबच्या तळापर्यंत तिने मोजलं होतं. "साडेअकरा सेंटिमीटर. ३००० ला ११५७ जी येतंय ताई. चालेल का?"

सीरमला चालेल म्हटलं. पीटी लावायच्या आधी सरांना विचार, आणि त्यांना तुझं गणित दाखव.