अडवला, म्हणून मोजला

जांभळ्या शालीला कसर लागावी, तशी ती दिसते. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात सहा खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाला क्रिस्टल व्हायोलेटचा गडद जांभळा थर. उजेडासमोर धरली की त्या जांभळ्यात गोल, पारदर्शक भोकं दिसतात. कुठे तीन, कुठे तीस, कुठे इतकी की एकमेकांत मिसळून गेलेली. जांभळं आहे तिथे पेशी शाबूत आहेत. भोक आहे तिथे पेशी मेल्या, तळ सोडून गेल्या, म्हणून रंग धरायला काही उरलंच नाही. एरवी आपण शाई लागलेली अक्षरं वाचतो, इथे रंग न लागलेली जागा वाचायची असते.

या भोकांना प्रयोगशाळेत ‘प्लाक’ म्हणतात. दातांवरच्या प्लाकशी त्यांचं काही नातं नाही. प्राण्यांच्या विषाणूंसाठी हे वाचन शक्य केलं ते 1952 साली अमेरिकेच्या ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये आलेल्या सहा पानांच्या एका शोधनिबंधानं. लेखक रेनातो दुल्बेको. शोधनिबंध माहितीसाठी चाळायचा असतो अशी आपली समजूत असते. हा मात्र रचनेसाठी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

दुल्बेको मूळचे इटलीचे, तुरीनमध्ये शिकलेले डॉक्टर. 1947 साली ते अमेरिकेत साल्वादोर लुरियांकडे आले आणि 1949 मध्ये मॅक्स डेलब्रुक यांच्याकडे, कॅलटेक या संस्थेत. हे सगळं मंडळ जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फेजवर काम करणारं. जिवाणूंच्या दाट थरावर फेज सोडला की त्यात स्वच्छ ठिपके पडतात आणि एक ठिपका म्हणजे सुरुवातीचा एक फेज, हे गणित त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. माणसाला नि प्राण्यांना बाधणाऱ्या विषाणूंचे अभ्यासक मात्र अजून उंदीर आणि कोंबडीची अंडी मोजत होते. द्रावण दसपट, शंभरपट पातळ करत जायचं, प्रत्येक पायरीचं काही उंदरांना टोचायचं आणि किती मेले ते पाहायचं. उत्तर यायचं, पण अंदाजे. आणि त्यासाठी पिंजरेच्या पिंजरे लागायचे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका धनिक गृहस्थांना नागीण झाली. त्यांनी विषाणूंच्या संशोधनासाठी कॅलटेकला देणगी दिली आणि ते काम दुल्बेकोंकडे आलं.

निबंधाचं शीर्षक मराठीत आणलं तर साधारण असं होईल: प्राण्यांच्या विषाणूच्या एकेकट्या कणांमुळे ऊतीसंवर्धनाच्या एकपदरी थरात होणारी प्लाकनिर्मिती. शीर्षक लांबलचक आहे, पण त्यातला एकही शब्द भरतीचा नाही. ‘एकपदरी’ हा शब्द पद्धत सांगतो आणि ‘एकेकट्या’ हा शब्द सिद्धांत. बाकीचा निबंध या दोन शब्दांचा विस्तार आहे.

आधी ‘एकपदरी’. प्रयोगातला विषाणू उत्तर अमेरिकेतला, घोड्यांना आणि माणसांना मेंदूज्वर देणारा, डासांमार्फत पसरणारा. त्याच्यासाठी कोंबडीच्या गर्भाच्या पेशी घेतल्या. ऊतीचा तुकडा तसाच ठेवला तर पेशी एकमेकींवर गठ्ठ्यानं बसतात आणि त्या गर्दीत कोण मेलं ते कळत नाही. म्हणून ट्रिप्सिन या पाचक विकरानं पेशींमधली पकड सोडवायची, सुट्या झालेल्या पेशी काचेच्या तळावर सोडायच्या, आणि त्या पसरून एकीला एक लागून बसेपर्यंत थांबायचं. सडा घातलेल्या अंगणासारखा सलग एक पदर तयार होतो. रांगोळी कुठे पुसली गेली हे दिसायला आधी अंगण सलग हवं, तसंच हे.

आता या निबंधातली सगळ्यात सुंदर जागा. थरावर विषाणू सोडला. तो एका पेशीत शिरला, वाढला, पेशी फुटली. वर पातळ द्रव असेल तर तिच्यातून निघालेले हजारो विषाणू पोहत सुटतात, कुठेही जाऊन बसतात, आणि दोन दिवसांनी सगळा थर सरसकट मेलेला दिसतो. सुरुवातीला एक होता की एक लाख, ते कळायला मार्ग नाही. दुल्बेकोंनी वरून अगार ओतलं. अगार म्हणजे आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारा चायना ग्रास. पुडिंग आणि जेली घट्ट करतो तोच. अगार थिजलं की विषाणूची लांब पळण्याची वाट बंद. त्याला जाता येतं ते फक्त शेजारच्या पेशीत, तिथून तिच्या शेजारणीकडे. मरण आता गोलाकार पसरतं, एका जागी राहतं, आणि डोळ्यांना दिसेल एवढं मोठं होतं.

इथे हाताचं कसबही लागतं. अगार वितळायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण थिजताना ते चाळिशीच्या खालीवर येईपर्यंत पातळ राहतं. ओतायचं ते या फटीत. जास्त गरम ओतलं तर पेशी भाजतात आणि सगळी प्लेट एकच भोक होते. उशीर केला तर गुठळ्या पडतात. म्हणून पुष्कळ जण ओतण्याआधी बाटली मनगटाला किंवा गालाला लावून पाहतात, बाळाच्या दुधाची बाटली पाहावी तशी.

मग ‘एकेकट्या’. प्लाक दिसला, पण तो एका कणानं केला हे कशावरून? दोन-तीन कण मिळून एका पेशीला पाडत असतील तर? दुल्बेकोंनी त्याचं उत्तर सरळ रेषेत दिलं. द्रावण निम्मं पातळ केलं आणि प्लाकही निम्मे झाले, तर एक कण पुरतो. दोघांची जोडी लागत असती तर जोडी जमण्याची शक्यता वर्गाच्या प्रमाणात घटली असती: द्रावण निम्मं, तर प्लाक पाव. प्रत्यक्षात विषाणूचं प्रमाण आणि प्लाकची संख्या एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत कमी झाली. अदृश्य कणाबद्दलचं एवढं मोठं विधान, आणि पुरावा काय तर आलेखावरची एक सरळ रेषा. विशेषणांना तिथे जागाच नव्हती.

या पद्धतीतून जे एकक रूढ झालं, त्याचा संयमही पाहण्यासारखा आहे. समजा, लाखपट पातळ केलेल्या द्रावणाचा 0.1 मिलीलीटर टाकला आणि 42 प्लाक आले. मूळ द्रावणात दर मिलीलीटरला 4 कोटी 20 लाख निघतात. पण 4 कोटी 20 लाख ‘विषाणू’ असं कोणी लिहीत नाही. ‘प्लाक करणारे घटक’ असं लिहितात. कारण एक कण पुरतो याचा अर्थ प्रत्येक कण यशस्वी होतो असा नाही. कित्येक कण सदोष असतात, कित्येकांना पेशीत शिरताच येत नाही. जेवढं दिसलं तेवढंच म्हणायचं, ही शिस्त एककाच्या नावातच बसली आहे.

1954 मध्ये दुल्बेको आणि मार्गरिट फोग्ट यांनी हीच रीत पोलिओच्या विषाणूला लावली. एक प्लाक म्हणजे एका कणाची संतती; तेव्हा तेवढाच प्लाक बारीक नळीनं उचलला तर हातात एका वंशाचा शुद्ध विषाणू येतो. मोजणीची युक्ती निवडीची झाली. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीसाठी सौम्य विषाणू वेगळे काढताना अल्बर्ट सेबिन यांना ती उपयोगी पडली. दोन थेंब आपल्या घराघरांत पोचले, त्यांच्या मागे असा एकेक उचललेला ठिपका आहे.

योगायोग असा की 1952 सालीच पुण्यात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्यानं व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिचा सुरुवातीचा रोखही डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवरच होता. 1967 मध्ये तिथल्या के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशींच्या मालिका तयार केल्या. त्यांतल्या एकीपासून 1978 मध्ये निघालेली सी6/36 ही शाखा आज जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवायला वापरतात. आणि तिथेच प्लाकची मर्यादाही दिसते. डासाची पेशी पुष्कळदा विषाणू पोटात घेऊनही मरत नाही. पेशी मेली नाही तर भोक पडत नाही, आणि भोक नाही तर वाचायला काही नाही. अशा वेळी विषाणूला चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडं सोडून बाधित पेशी उजळवाव्या लागतात. अल्बर्ट कून्स यांनी 1941 मध्ये रूढ केलेली ती युक्ती म्हणजे वेगळी लिपी.

कोविडच्या काळात आपण सगळे आरटी-पीसीआर हा शब्द शिकलो. ती चाचणी झटपट आणि अतिशय तीक्ष्ण, पण ती विषाणूचा जनुकीय मजकूर शोधते. विषाणू निकामी झाल्यावरही त्याचे तुकडे अंगात राहतात आणि बरं झालेल्या माणसाचा अहवाल काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो. प्लाकचा प्रश्न वेगळा आहे: हा अजून एखादी पेशी पाडू शकतो का? लशीनंतर रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं खरोखर विषाणूला थोपवतात का, हे पाहायलाही रक्तद्रव मिसळल्यावर प्लाक निम्म्यानं घटतात का ते मोजतात. कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांत पुण्याच्या संस्थेनं हे केलं. या कामाला दिवस लागतात, जिवंत विषाणू लागतो, बंदिस्त प्रयोगशाळा लागते, आणि तरीही त्याला पर्याय सापडणं सोपं नाही.

शेवटी प्लेट उलटी करतात आणि मार्करनं प्रत्येक भोकाच्या पाठीवर एक ठिपका देतात, एकच प्लाक दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. सत्तर वर्षांत यंत्रं किती आली. पण पुष्कळ ठिकाणी अजून कोणीतरी खिडकीपाशी उभं राहून असे ठिपके देत असतं, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. अगारानं अडवलं नसतं, तर यांतला एकही आकडा उच्चारता आला नसता.