संबोधन आणि स्वगत: ‘मनाच्या श्लोकां’तील आतला आवाज

मराठी समीक्षेत आत्मसंवादाची चर्चा बहुधा संज्ञाप्रवाही कादंबरीपासून सुरू होते. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (1942) हा तिचा ठरलेला आरंभबिंदू. त्यामुळे माणसाचे स्वतःशीच चाललेले बोलणे ही आधुनिक जाणिवेची निर्मिती आहे, असा समज नकळत दृढ होतो. विचार म्हणजे आत्म्याचे स्वतःशी चाललेले संभाषण, ही कल्पना प्लेटोच्या ‘थिएटिटस’मध्येही आढळते, आणि सतराव्या शतकातील मराठीत तर या संभाषणाला वाहिलेली एक संपूर्ण रचना उपलब्ध आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी 1608 मध्ये जन्मलेल्या रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ हीच ती रचना होय. ती बोधपर काव्य म्हणून वाचली गेली, पाठ केली गेली. आत्मसंवादाचे रूप म्हणून मात्र तिचा विचार क्वचितच झाला.

रामदासांच्या चरित्रपरंपरेत जांबच्या घरातील एक कथा सांगितली जाते. बाल नारायण अंधाऱ्या जागी लपून बसतो आणि आईने विचारल्यावर आपण विश्वाची चिंता करीत होतो, असे उत्तर देतो. कथेची ऐतिहासिकता येथे गौण आहे. तिची रचना लक्षणीय आहे: आत चाललेला विचार बाहेरच्या प्रश्नाविना शब्दरूप घेत नाही. अंतर्गत बोलण्याला श्रोता हवा असतो. ‘मनाच्या श्लोकां’त हा श्रोता मनच आहे.

205 श्लोकांपैकी पहिला गणेश-शारदेला वंदन करतो. दुसऱ्यापासून मनाला हाक सुरू होते. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरण चार ‘य’ गणांचा, म्हणजे बारा अक्षरांचा असतो आणि ‘य’ गणाचा आरंभ लघु-गुरू असा होतो. ‘मना’ हे संबोधन नेमके लघु-गुरू आहे. हाक वृत्तात बसविलेली नाही; वृत्तच जणू हाकेपासून निघते. हाकेची ही पुनरावृत्ती केवळ अलंकरण नव्हे. मन निसटते, म्हणून त्याला पुन्हा बोलवावे लागते. श्रोत्याच्या अनुपस्थितीची शंका प्रत्येक संबोधनात अनुस्यूत आहे.

मग बोलणारा कोण? मनाला ‘तू’ म्हणणारा मनाहून वेगळा असला पाहिजे. परंतु त्याचे ‘मी’पण या रचनेत जवळजवळ अनुच्चारित राहते. या संदर्भात ‘करुणाष्टकां’शी तुलना उद्बोधक ठरते. तेथे ‘मी’ रामाशी मनाविषयी बोलतो. येथे एक अनाम स्वर मनाशी रामाविषयी बोलतो. तेथे मन तृतीयपुरुषी असून अनावर आहे. येथे ते द्वितीयपुरुषी असून उपदेशास पात्र, एवढेच नव्हे तर ‘सज्जन’ आहे. एकाच त्रिकोणाच्या या दोन बाजू आहेत. ‘करुणाष्टकां’तील कबुली लक्षात घेतली, की ‘मनाच्या श्लोकां’तील आज्ञेचा अधिकार किती कष्टार्जित आहे, हे कळते.

यावर आक्षेप असा, की मन येथे एकदाही उत्तर देत नाही. मग यास संवाद कसे म्हणावे? मनाचे म्हणणे श्लोकांत प्रत्यक्ष येत नाही हे खरेच. पण ‘नको’ या निषेधांतून ते अप्रत्यक्षपणे ऐकू येते. प्रत्येक निषेध मनाच्या एखाद्या ओढीला दिलेले उत्तर आहे. अकराव्या श्लोकात तर जगात सर्वसुखी कोण, असा प्रश्न करून मनालाच शोध घेण्यास सांगितले आहे. उत्तर तोच स्वर पुढे देतो. तरी प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मनाला क्षणभर विचाराचा अधिकार मिळतो. याउलट, ध्रुवपदासारखी समान अखेर असलेल्या श्लोकमालिकांत संबोधन विरळ होते आणि स्वर समूहगायनाकडे झुकतो.

शेवटचा श्लोक ही रचना ऐकणाऱ्यांना फळ सांगतो. म्हणजे मनाशी केलेले हे बोलणे आरंभापासून इतरांच्या कानांसाठीही होते. रामदासी परंपरेत हे श्लोक भिक्षेच्या वेळी दारोदार म्हटले गेले. घरोघरी मुलांकडून पाठ करून घेतले गेले. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की यांनी 1934 च्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात मांडले, की आतले बोलणे हे मुळात सामाजिक बोलणे असून ते हळूहळू आत वळते. दारातून ऐकू आलेला, मग मुखोद्गत झालेला श्लोक प्रौढपणी ऐन मोहाच्या क्षणी आतून उमटतो, तेव्हा हीच प्रक्रिया घडते. तो आवाज स्वतःचा वाटतो. पण तो आलेला असतो बाहेरून.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो: आत बसलेला हा आवाज कोणाचा? मराठीत ‘मन’ नपुंसकलिंगी. श्लोकांत मात्र त्याला ‘रे’ म्हणून पुकारले जाते, आणि त्याने टाकावयाच्या गोष्टींत द्रव्याशेजारी दारा येते. संबोधित मन पुरुषाचे आहे. हे श्लोक म्हणणाऱ्या स्त्रीला स्वतःच्याच मनाशी परक्या लिंगातून बोलावे लागले. बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) मनावरील कवितेशी येथे तुलना करता येते. तिथे मनाला आज्ञा नाही. पिकात शिरणाऱ्या गुरासारख्या त्याच्या ओढाळपणाकडे कवयित्री शेतकरणीच्या नजरेने, कुतूहलाने पाहते. मनाशी नाते आज्ञेवाचूनही जुळू शकते, हे ती कविता दाखवते.

म्हणून ‘मनाच्या श्लोकां’ना केवळ बोधपर म्हणून बाजूस सारणे जितके अपुरे, तितकेच त्यांना वैश्विक मनाची वाणी मानणे अपुरे आहे. मराठी माणसाने स्वतःशी कसे बोलावे, याचा एक घाट या रचनेने घडविला. त्या घाटात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला आपला स्वर बदलून घ्यावा लागला, याचा शोध मराठी आत्मसंवादाच्या इतिहासाचा अनिवार्य भाग ठरतो.