फकिरा
अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांची कादंबरी (१९५९). तत्कालीन सातारा, आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव ही तिची भूमी. शेजारच्या गावची जोगणी हिरावून आपल्या शिवेत आणली की पाठलाग थांबावा, हा लोकसंकेत मोडून राणोजीचा वध होतो. पुढे दुष्काळात उपाशी वस्ती जगविण्यासाठी त्याचा मुलगा फकिरा धान्य व खजिना लुटतो. सरकारी हजेरीने गुन्हेगार ठरविलेल्या मांग समाजाची बाजू येथे पोवाड्याच्या ओघाने मांडली आहे. प्रसंग क्वचित भडक होतात; विष्णुपंत कुलकर्णी व फकिरा यांचा स्नेहही काहीसा आदर्शीकृत वाटतो. तथापि गावच्या शिवेसाठी प्राण देणाऱ्यांनाच गावकुसाबाहेर राहावे लागते, हा विरोध लेखकाने कोठेही सौम्य केलेला नाही. राज्य पुरस्कार (१९६१).