सांबार कुणाचा?

पुण्यात शिकायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींना म्हणालो, "दहाचा सांबार द्या." त्यांनी समोरच्या इडलीच्या गाडीकडे बोट दाखवलं. मागे उभे असलेले रूममेट हसले. पुढची तीन वर्षं मी न चुकता 'कोथिंबीर' म्हणत राहिलो.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे कोथिंबीर म्हणजे सांबार. हिवाळ्यात नागपूरच्या कॉटन मार्केटमधून जुड्याच्या जुड्या घरी येतात, खोबरं-खसखस घालून त्याचं सारण होतं आणि सांबारवडी तळली जाते. सोबत कढी.

म्हणून 'सांबार' शब्दाच्या उगमावरचा व्हिडिओ मोबाईलवर आला तेव्हा मी कान टवकारले. गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तंजावरचे शहाजीराजे, पाहुणे छत्रपती संभाजी महाराज. आमटीत घालायचं आमसूल संपलं, चिंच वापरली, पाहुण्यांना आवडलं आणि त्यांच्या नावावरून पदार्थाचं बारसं झालं. मी ती लगेच तीन ग्रुपवर पाठवली. हसणाऱ्या रूममेटलाही. ज्या शब्दाची लाज वाटली होती, त्याला थेट राजघराणं मिळालं होतं.

मग ती गोष्ट पुन्हा, जरा शंकेने ऐकली.

गोष्ट म्हणून ती सुरेख आहे: राजा, पाहुणा, ऐनवेळची टंचाई, गोड शेवट. पण मी पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओत त्या काळाचा एकही कागद नाही. शहाजी तंजावरच्या गादीवर आले 1684 मध्ये, संभाजी महाराजांची हत्या झाली 1689 मध्ये. ही मेजवानी या पाच वर्षांत बसवावी लागते. बरं, 'संभा' आणि 'आहार' जोडले तर मधला 'ह' गेला कुठे?

माझी खरी अडचण वेगळी आहे. ही गोष्ट फक्त डाळीच्या वाटीबद्दल बोलते. केरळात 'संभारम' म्हणजे मसाला घातलेलं ताक. गुजरातेत 'संभारो' म्हणजे कोबी-गाजराची फोडणी दिलेली कोशिंबीर. तमिळमध्ये 'संबारम' म्हणजे मसाल्याचे जिन्नस. आणि नागपुरात हिरवी जुडी. यांतल्या कशातच डाळ नाही. जी व्युत्पत्ती शब्दाच्या एकाच घरी जाते आणि बाकीच्या घरांना कुलूप लावते, ती मला पटत नाही.

या सगळ्यांना एकत्र आणणारा शब्द आपल्या तोंडात आहेच. 'केशसंभार' म्हणतो ना आपण? तोच 'संभार'. संस्कृतात 'सम्' आणि 'भृ' मिळून झालेला. अर्थ, एकत्र आणलेलं साहित्य. स्वयंपाकघरात ते साहित्य म्हणजे मसाला. आमच्याकडे तो अर्थ आक्रसत रोजच्या एका पानावर येऊन थांबला असावा, हा माझा तर्क. अर्थ असे आक्रसतात. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलंही रानातलं जनावर होतं, आज फक्त हरीण उरलं.

मग राजाची गोष्टच का धावते? कारण आपल्याला शब्दाचा मालक हवा असतो. शेकडो वर्षं मसाला वाटणाऱ्या निनावी बायांचा व्हिडिओ कोण पाहणार? राजाचं नाव लागलं की शब्द मोठा झाला असं वाटतं. मलाही वाटलं. पण त्या मोठेपणात एक कबुली दडलेली होती: नुसता माझ्या आईचा शब्द पुरेसा नाही.

दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (1932 ते 1938) चाळा. आमच्या भागातल्या शब्दांपुढे कंसात (ना.) किंवा (व.) दिसतं, नागपुरी, वऱ्हाडी. कोशकारांनी ते शब्द गोळा केले, हे त्यांचे उपकारच. कंस फक्त पत्ता सांगतो. तो कमीपणा सांगतो असं वाचायला मी पुण्यातल्या त्या भाजीच्या गाडीपाशी शिकलो. आणि जिला प्रमाण समजून मी शरण गेलो, त्या कोथिंबिरीला तरी कुठे एकच घर आहे? कन्नडमध्ये ती 'कोत्तंबरी' आहे.

त्या तिन्ही ग्रुपवर मी दुरुस्ती पाठवली. गोष्टीला चाळीस अंगठे मिळाले होते, दुरुस्तीला दोन. त्यातला एक आईचा. खाली तिने लिहिलं होतं, "येताना सांबार आणजो."